कुलूपबंद ध्वनी : जुन्या संरक्षित संगीत-फाइली आणि नवा संगणक

पुण्याच्या पश्चिमेस, सूस-बावधनची वस्ती मागे टाकली म्हणजे मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव लागते. गावाच्या परिसरातील टेकड्यांवर सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ व फ्लेम विद्यापीठ या दोन संस्थांचा विस्तार आहे. शिक्षणासाठी येथे येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ नवा संगणक असतो, आणि कित्येकांजवळ घरच्या जुन्या संगणकातून काढून घेतलेली हार्ड डिस्कही असते. वीस-बावीस वर्षांपूर्वी वडिलांनी वा मामांनी हौसेने भरून ठेवलेली गाणी तिच्यात असतात. ही डिस्क नव्या संगणकास जोडली असता फाइलींची नावे दिसतात, गायकाचे नाव दिसते, राग व ताल लिहिलेला असल्यास तोही दिसतो, आणि ध्वनिमुद्रण किती मिनिटांचे आहे हेसुद्धा कळते. ऐकू मात्र काहीच येत नाही. पडद्यावर परवान्याविषयी एक चौकट उमटते व नाहीशी होते.

हा अनुभव केवळ संगीतप्रेमींचा असता, तर भाषाविषयक पत्रिकेत त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु बोलींचे संशोधन ज्या ध्वनिमुद्रणांवर उभे असते, त्यांपैकी काही याच कुलपाच्या आड गेली आहेत. आणि हे कुलूप कसे चालते, हे समजून घेण्यास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास फारशी अडचण पडू नये. किंबहुना त्याला ते इतरांपेक्षा लवकर समजावे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फाइल वाजत नाही, असे म्हणताना तीन निरनिराळ्या अवस्था एकाच क्रियापदात कोंबल्या जातात. एक, फाइल खराब झालेली असते. डिस्कवरील काही भाग वाचताच येत नाही. दुसरी, फाइल शाबूत असते, पण तिचे संकेतन नव्या संगणकास अपरिचित असते. ही अवस्था मोडी कागदासारखी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल आज बहुतेक पदवीधरांना वाचता येत नाहीत. तथापि ज्यास वाचावयाचे आहे त्याने काही महिने मोडी शिकावी, म्हणजे कागद बोलू लागतो. त्याचप्रमाणे योग्य ते सॉफ्टवेअर बसविले की अशी फाइल वाजू लागते. तिसरी अवस्था कुलूपबंद फाइलीची. तिचे संकेतन माहीत असते, ते वाचणारे सॉफ्टवेअरही उपलब्ध असते, पण त्या संकेतनावर दुसरे एक गुप्त संकेतन चढविलेले असते. दुकानदार किंवा मित्र पुष्कळदा या तिसऱ्या रोगावर दुसऱ्याचे औषध देतात. नवनवीन प्लेअर उतरवून घेण्यात दिवस जातो आणि पदरी काही पडत नाही.

गुप्त संकेतनाचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि त्यामुळे मराठी गद्याचा आरंभकाळच कित्येक शतके पंथाबाहेरील वाचकांच्या दृष्टीआड राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला व तो ठेवा अभ्यासकांपुढे आला. राजवाड्यांना हे कशामुळे साधले? सकळ लिपीचे तत्त्व वर्णांच्या अदलाबदलीचे आहे. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते, पण जे येते ते नेहमी तेच येते. परिणामी लिपी बदलली तरी भाषा आपल्या जागी राहते. वारंवार येणारे विभक्तिप्रत्यय तितक्याच वेळा येतात, वाक्याच्या शेवटी क्रियापद येते, निवेदनाची ठराविक सूत्रे पानोपानी त्याच आकृतीने दिसतात. भाषेत आवश्यकतेहून अधिक चिन्हे असतात, आणि ही अतिरिक्तता संकेत फोडणाऱ्याच्या हाती दोरी देते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या गुप्तसंदेशविषयक निबंधात हाच विचार गणिताच्या भाषेत मांडला आहे.

आधुनिक संगीत-फाइलीत ही दोरी दोनदा कापलेली असते. प्रथम ध्वनीचे संपीडन होते, म्हणजे त्यातील बरीचशी पुनरावृत्ती काढून टाकली जाते. मग उरलेल्या अंकप्रवाहावर किल्लीच्या साहाय्याने असे रूपांतर केले जाते की त्याच अंकाच्या जागी प्रत्येक वेळी निराळाच अंक येतो. बाहेरून पाहणाऱ्यास लांबीशिवाय कोणतीच आकृती उरत नाही. भीमसेन जोशींचा तोडी आणि रिकामा गोंगाट यांत फरक करता येत नाही. अॅपल कंपनीच्या संरक्षित गाण्यांत वापरलेली किल्ली १२८ द्विमान अंकांची आहे. तिचे संभाव्य पर्याय मांडावयाचे तर ३९ अंकी संख्या लिहावी लागेल. येथे राजवाड्यांची चिकाटी कामाची नाही.

दुसरा एक भेद याहून महत्त्वाचा वाटतो. महानुभावांची किल्ली माणसाजवळ होती. गुरूने ती शिष्यास सांगावी, शिष्याने आपल्या शिष्यास, असा तिचा प्रवास होता. माणूस दुसऱ्या मठात गेला तर किल्ली त्याच्याबरोबर जाई. संगीत-फाइलीची किल्ली माणसाला सांगितलेलीच नसते. ती यंत्राच्या कानात सांगितलेली असते.

ही गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीवरून चांगली कळते, आणि महाराष्ट्रातील घरांतून आढळणाऱ्या कुलूपबंद फाइली बहुशः याच पद्धतीच्या असल्यामुळे तिचे वर्णन थोडे विस्ताराने केले पाहिजे. ‘डब्ल्यूएमए’ प्रकारच्या संरक्षित फाइलीचे दोन भाग मानता येतील. पुढचा भाग उघडा असतो. त्यात गाण्याचे नाव, किल्लीचा ओळखक्रमांक आणि परवाना कोठे मिळेल त्या सर्व्हरचा पत्ता असतो. नाव व कालावधी दिसतात, पण ध्वनी येत नाही, याचे कारण हेच. मागचा भाग म्हणजे प्रत्यक्ष संगीत, ते कुलूपबंद. किल्ली फाइलीत नसते. ती परवाना नावाच्या निराळ्या नोंदीत असते आणि ती नोंदही उघडी नसून त्या विशिष्ट संगणकाच्या स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद केलेली असते. संगणकाची ही ओळख त्याच्या यंत्रसामग्रीशी जोडलेली असते. सबब फाइल दुसरीकडे नेली तर परवाना मागे राहतो. परवान्याची नोंद नक्कल करून नेली तर ती तेथे उघडत नाही. आणि अख्खी हार्ड डिस्क नव्या संगणकात बसविली तर परवान्यांचा सगळा साठाच परका ठरतो. विंडोज पुन्हा बसविल्यानेही हाच परिणाम होतो. घरोघरी ‘संगणक फॉरमॅट करून घेतला’ हे वाक्य सहज उच्चारले जाते. ज्या दिवशी ते घडले त्याच दिवशी परवाने गेले, आणि घरच्यांना ते कित्येक वर्षांनी कळले.

आता प्रश्न असा की महाराष्ट्रात या फाइली आल्या कोठून? संगीत विकणारी जी मोठी परदेशी दुकाने २००३ नंतर इंटरनेटवर निघाली, त्यांपैकी अॅपलचे दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. तोपर्यंत त्या कंपनीने गाण्यांवरील कुलूप काढून टाकले होते. तशी घोषणा तिने जानेवारी २००९ मध्ये केली होती. म्हणून विकत घेतलेली कुलूपबंद गाणी मुख्यतः अमेरिका-युरोपातील मराठी कुटुंबांकडे सापडावीत, येथे नव्हेत. येथील फाइली बव्हंशी विकत घेतलेल्या नाहीतच. त्या घरच्या सीडींवरून घरीच तयार केलेल्या आहेत.

२००१ साली विंडोज एक्सपी आले. त्यातील विंडोज मीडिया प्लेअरमध्ये सीडीवरील संगीत संगणकात उतरवून घेण्याची सोय होती. तयार होणारी फाइल ‘डब्ल्यूएमए’ प्रकारची असे. ‘एमपी३’ प्रकारात उतरविण्याची सोय त्या प्लेअरमध्ये अंगभूत आली ती २००४ च्या दहाव्या आवृत्तीपासून. संगीताच्या प्रतीस संरक्षण द्यावे, अशा अर्थाची एक चौकट पर्यायांच्या पानावर होती आणि आरंभीच्या आवृत्त्यांत तिच्यावर खूण आधीच केलेली असे. संरक्षण हा शब्द येथे फसवा ठरला. वापरणाऱ्यास वाटले, आपले संगीत सुरक्षित राहील. वस्तुतः ते त्याच्यापासूनच सुरक्षित करण्यात येत होते. शब्दार्थशास्त्राच्या वर्गात कर्म आणि लाभार्थी यांचा भेद शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. सीडी स्वतःच्या पैशाने आणलेली, संगणक स्वतःचा, श्रम स्वतःचे. आणि तयार झालेली फाइल त्या एका यंत्राबाहेर मुकी. पुढे सीडीवर ओरखडे पडले, कोणी ती नेऊन परत केली नाही, किंवा घर बदलताना ती रद्दीत गेली, आणि मुकी फाइल तेवढी उरली.

परवान्यांची प्रत काढून ठेवण्याची सोय नवव्या व दहाव्या आवृत्तीत होती. अकराव्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज १० च्या काळात ही जुनी संरक्षणपद्धती नव्या संगणकांतून वगळली गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जुन्या मीडिया प्लेअरसाठी तसेच विंडोज ७ व ८ साठी असलेल्या परवानासेवा आपण मागे घेत असल्याचे मायक्रोसॉफ्टने कळविले. म्हणजे परवान्याची प्रत कोणी दूरदृष्टीने जपून ठेवली असली, तरी ती स्वीकारणारे दार आता बंद आहे किंवा बंद होण्याच्या वाटेवर आहे.

परदेशातील विकत घेतलेल्या गाण्यांचा इतिहास याहून बोलका आहे. मायक्रोसॉफ्टच्याच एमएसएन म्युझिक या दुकानाने विक्री थांबविल्यानंतर एप्रिल २००८ मध्ये ग्राहकांस कळविले की ३१ ऑगस्ट २००८ नंतर नव्या संगणकासाठी परवाने दिले जाणार नाहीत. ग्राहकांच्या संतापामुळे ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवावी लागली. याहूचे दुकान ३० सप्टेंबर २००८ रोजी बंद झाले आणि ग्राहकांना भरपाई देण्याची पाळी आली. सोनीचे कनेक्ट हे दुकानही त्याच वर्षी आटोपले. याउलट भारतातील फ्लिपकार्ट कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाने गाण्यांची विक्री सुरू केली व जून २०१३ मध्ये ती बंद केली. दुकान दीड वर्षही टिकले नाही. परंतु तेथे विकलेल्या ‘एमपी३’ फाइली कुलपाविना होत्या, त्यामुळे ज्यांनी त्या उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. दुकान बुडणे आणि माल बुडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुलूपबंद मालाच्या बाबतीत त्या एक होतात.

अॅपलच्या ‘एम४पी’ फाइलींची स्थिती सध्या तरी बरी आहे. त्यांची किल्ली ग्राहकाच्या खात्याशी बांधलेली असते, पाच संगणकांना मान्यता देता येते, आणि मान्यता देणारी सेवा चालू आहे. ज्या पत्त्याने खाते उघडले तो ईमेल पत्ता व पासवर्ड हाताशी असेल, तर न्यू जर्सीतील काकूंनी २००५ साली घेतलेले गाणे लवळ्यातील भाच्याच्या संगणकावर आजही वाजू शकते, अर्थात काकूंच्या खात्याने. खातेदार हयात नसेल आणि पासवर्ड कोणास ठाऊक नसेल, तर मात्र प्रश्न कठीण होतो. मोबाइल फोनवर घेतलेल्या संरक्षित रिंगटोनविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. फोन गेला की त्या गेल्या.

येथे ग्रामोफोनची आठवण होणे साहजिक आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. भाऊराव कोल्हटकर त्याआधी वर्षभर, १९०१ मध्ये, निवर्तले होते. मराठी रंगभूमीचा तो गाजलेला आवाज कायमचा हरपला. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, पण त्यांचेही गाणे तबकडीवर आले नाही. ज्यांचे आले त्यांचे मात्र, तबकडी फुटली नाही तोवर, सुई टेकताच ऐकता येते. तिला कोणाची अनुज्ञा लागत नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाने जुन्या तबकड्यांच्या संकलनाचे व अभ्यासाचे जे काम केले, ते या साधेपणामुळेच शक्य झाले. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांची जी ग्रामोफोन मुद्रणे झाली, तीही शतकानंतर अंकीय स्वरूपात आणता आली.

आता बोलीसंशोधनाकडे वळू. मुळशी व मावळ या भागांत ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कामातून हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले व पुढे ते महाराष्ट्रभर वाढविले. लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९५ पासून बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील बऱ्याच ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात अंकीय टेपवर मुद्रित झाल्या. ही मुद्रणे शंभराहून अधिक तासांची आहेत. मुळशी तालुक्यातील कोळवडे गावच्या स्त्रियांचे आवाज त्यांत आहेत. पॉइट्वाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये गेल्या, तरी संग्रह राहिला. मुद्रणे गुडगाव येथील लोकसंगीताच्या अभिलेखागारात ठेवली गेली आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर ओव्या लोकांना ऐकता येऊ लागल्या. लवळ्याच्या टेकडीवरील विद्यार्थ्यास आपल्याच तालुक्यातील दळणाऱ्या बाईचा आवाज तिच्या स्वराघातासह आज ऐकता येतो, तो फाइलीवर कुलूप नाही म्हणून.

तसे ते असू शकले असते. त्याच वर्षांत क्षेत्रकार्यासाठी सोनीची मिनिडिस्क लोकप्रिय झाली होती. यंत्र खिशात मावणारे, बॅटरीवर चालणारे, आवाज स्वच्छ. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी ते वापरले. पण ही रचना मुळात घरी संगीत ऐकण्याकरिता केलेली होती आणि उत्पादकाने प्रत्येक ध्वनी हा कोणातरी कंपनीच्या मालकीचा असणार असे गृहीत धरले होते. अंकीय प्रतीची पुन्हा अंकीय प्रत काढू न देणारी योजना तिच्यात होती. संगणकास जोडता येणारी यंत्रे आल्यावर गाणी संगणकातून यंत्रात जाऊ लागली, पण मायक्रोफोनने मुद्रित केलेले संभाषण उलट दिशेने अंकीय स्वरूपात येऊ शकत नसे. २००४ च्या हाय-एमडी यंत्रांनी ते येऊ दिले, तर सोनिकस्टेज या सॉफ्टवेअरने त्या फाइलीवर कुलूप घातले. म्हणजे एखाद्या संशोधकाने धनगर वस्तीवर बसून एका वृद्धाकडून ऐकलेली कथा, जिच्यावर कोणत्याही संगीत कंपनीचा सुतराम हक्क नाही, ती त्या संशोधकाच्याच एका संगणकात कैद झाली. सॉफ्टवेअरच्या नंतरच्या आवृत्त्यांत कुलूप काढण्याची सोय देण्यात आली, २००६ च्या एमझेड-आरएच१ या यंत्राने जुन्या डिस्काही संगणकात उतरविता येऊ लागल्या. परंतु ज्यांनी मधल्या काळात काम आटोपून फाइली कपाटात ठेवल्या, त्यांना हे कळले असेलच असे नाही. सोनीने मिनिडिस्क यंत्रांचे उत्पादन २०१३ मध्ये व कोऱ्या डिस्कांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले.

मिनिडिस्कचा आणखी एक दोष ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने सांगितला पाहिजे. सीडीवर सेकंदास सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. मिनिडिस्कच्या मूळ पद्धतीत २९२, दुप्पट वेळाच्या पद्धतीत १३२ आणि चौपट वेळाच्या पद्धतीत अवघी ६६. कानास जे जाणवणार नाही ते गाळावयाचे, हे त्यामागचे तत्त्व. पण कोणाच्या कानास? मराठीत ‘जग’ हा शब्द दंततालव्य ज-ने उच्चारला तर आज्ञार्थ होतो आणि तालव्य ज-ने उच्चारला तर विश्व. हा भेद बऱ्याच अंशी घर्षणाच्या उच्च कंप्रतेच्या भागात राहतो, आणि संपीडनाची कात्री तेथेच निर्दय चालते. स्वरांची स्थानके बहुधा शाबूत राहतात. च-ज-झ यांच्या दोन उच्चारांची मोजमापे मात्र अशा मुद्रणावरून करावयाची झाल्यास सावध राहिले पाहिजे.

यावर उपाय काय? पहिला व उत्तम उपाय कंटाळवाणा आहे. मूळ सीडी, कॅसेट किंवा डिस्क शोधावी आणि तिच्यावरून नव्याने प्रत करावी. तासभर कुलूप उघडण्याचा खटाटोप करणारे लोक माळ्यावरचे खोके पाहावयास दहा मिनिटे देत नाहीत, असा अनुभव येतो. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी काढलेल्या कॅसेटी व सीडी अद्याप कित्येक घरांतून आहेत. प्रत करताना संरक्षणाची खूण काढलेली आहे याची खात्री करावी.

मूळ वस्तू नसेल, पण जुना संगणक चालू अवस्थेत असेल, तर त्यास हात लावण्यापूर्वी विचार करावा. तो फॉरमॅट करू नये, त्यावर नवे विंडोज चढवू नये, त्याचे सुटे भाग बदलू नयेत; परवाना याच यंत्रास ओळखतो. त्यावर फाइल वाजते का ते पाहावे. वाजत असेल आणि परवाना अनुमती देत असेल, तर त्याच संगणकावर ध्वनी-सीडी तयार करता येते. ध्वनी-सीडीवर कुलूप नसते. तिच्यावरून नव्या संगणकात फाइल घेता येते. अॅपलच्या पद्धतीतही ही सोय पहिल्यापासून ठेवलेली होती. सीडी करण्याची अनुमती नसेल, तर शेवटचा मार्ग ध्वनीचाच. कोणतेही कुलूप झाले तरी कानापर्यंत पोचताना त्यास उघडावेच लागते. जुन्या संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून तार काढून ती चांगल्या ध्वनिमुद्रकास जोडावी व गाणे चालू असताना मुद्रित करून घ्यावे. तासाच्या गाण्यास तास लागतो. गुणवत्ता किंचित उणावते, परंतु मूळ फाइल ६४ किंवा १२८ किलोबिटची असेल, तर ही उणीव तिच्या स्वतःच्या उणिवेपुढे नगण्य आहे. मिनिडिस्कांनाही हाच मार्ग लागू पडतो; शिवाय अलीकडे हौशी तंत्रज्ञांनी तयार केलेल्या वेब मिनिडिस्क प्रो या सॉफ्टवेअरने सोनीच्या काही यंत्रांवरून जुनी मुद्रणे थेट संगणकात घेता येतात.

कोणत्याही मार्गाने ध्वनी बाहेर काढला तरी तो पुन्हा ‘एमपी३’ करून ठेवू नये. संपीडनावर संपीडन झाले की दर खेपेस काहीतरी गळते, आणि वर सांगितलेले ज-चे दोन उच्चार पहिल्या प्रथम गळतात. असंपीडित ‘डब्ल्यूएव्ही’ स्वरूपात ठेवावे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या मुद्रणांच्या अंकीकरणासाठी सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिट हे किमान प्रमाण घालून दिले आहे. तारेतून मुद्रित करताना तेच पाळावे. फाइलीच्या उघड्या भागातील गायक, राग, दिनांक इत्यादी मजकूर आधी निराळा लिहून घ्यावा, कारण तारेतून केवळ ध्वनी येतो, नावे येत नाहीत. डेक्कन कॉलेजच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणासारख्या उपक्रमांमुळे बोलीनमुने ऐकता येतील अशा रीतीने लोकांपुढे ठेवण्याचा प्रघात आता पडू लागला आहे. त्यात जुन्या मुद्रणांची भर पडावयाची तर ती नामविहीन असून चालणार नाही.

जुना संगणकही नसेल आणि मूळ वस्तूही नसेल, तर कुलूप फोडण्याचा प्रश्न उभा राहतो. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीतील मर्मे २००१ पासून अधूनमधून उघड होत आली आहेत आणि कंपनीने ती बुजविली आहेत. ही साधने यंत्रात परवाना उपस्थित असतानाच बहुधा उपयोगी पडत. परवाना नसलेल्या फाइलीवर ती चालत नाहीत. त्यामुळे तांत्रिक चर्चेपेक्षा येथे कायद्याची चर्चा अधिक उपयुक्त आहे.

अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने असे कुलूप चुकविणे हीच गोष्ट निषिद्ध ठरविली आणि अपवादांची यादी दर तीन वर्षांनी तपासण्याची व्यवस्था केली. भारताने निराळी वाट धरली. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ मध्ये कलम ६५अ घालण्यात आले. त्यानुसार या अधिनियमाने दिलेल्या हक्कांचे उल्लंघन करण्याच्या उद्देशाने जो प्रभावी तांत्रिक संरक्षण चुकवितो, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. ‘उद्देशाने’ या एका तृतीयान्त पदावर सगळा भार आहे. अधिनियमाने स्पष्टपणे मना न केलेल्या प्रयोजनासाठी केलेल्या कृतीस हे कलम आड येत नाही, असेही त्यातच म्हटले आहे. आता खाजगी उपयोग व संशोधन यांसाठी केलेला उचित व्यवहार कलम ५२ अन्वये उल्लंघन ठरत नाही, आणि २०१२ च्याच दुरुस्तीने ही सवलत ध्वनिमुद्रणांसही लागू झाली. दोन्ही कलमे एकत्र वाचली तर स्वतःच्या सीडीवरून स्वतः केलेली फाइल अभ्यासासाठी उघडणाऱ्यास भय बाळगण्याचे कारण दिसत नाही. तीच फाइल उघडून वर्गातील साठ जणांना वाटली, तर गोष्ट वेगळी. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, हे येथे विसरू नये. आणि ओवी गाणाऱ्या किंवा कथा सांगणाऱ्या व्यक्तीसही कलाकार म्हणून ५० वर्षांचा हक्क आहे, हे क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी तर मुळीच विसरू नये.

कलम ६५अ मध्ये एक अट मात्र विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना थेट लागू पडते. दुसऱ्या व्यक्तीस असे संरक्षण चुकविण्यास जो साहाय्य करतो, त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटण्यास आवश्यक तो तपशील व कृतीचे प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. भाषाप्रयोगशाळेत विद्यार्थ्याची जुनी डिस्क घेऊन तंत्रसाहाय्यक ती उघडून देणार असेल, तर अशी नोंदवही आधी घालावी लागेल. तिच्यात मूळ सीडी किंवा डिस्क कोणाजवळ व कोठे आहे, याचाही एक रकाना असावा. तो भरावयास बसल्यावर कित्येकदा मूळ वस्तूच सापडते आणि पुढचे रकाने कोरे ठेवता येतात.